सूचना : रविवारच्या सामन्याआधी एवढं वाचा

मंडळी, ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ या संगणकावरच्या डावपेचांच्या खेळाचा सामना रविवारी रात्री ९ वाजता सुरू होईल. नव्या सदस्यांसाठी थोडं.

एका शहरात दिवसाला एकच इमारत उभी राहते, त्यामुळे एकही दिवस रिकामा घालवू नका. आधी उत्पन्न बघा : टाऊन हॉल रोज १००० सोनं देतो, सिटी हॉल २०००, कॅपिटॉल ४०००. कॅपिटॉल मात्र साऱ्या राज्यात एकच. सैन्याची नवी भरती आठवड्याच्या पहिल्या दिवशी येते. सिटाडेल (किल्ल्याची इमारत) ती दीडपट करतं, त्यापुढचं कॅसल दुप्पट. म्हणून सातव्या दिवशी बांधलेलं कॅसलही पुढच्याच आठवड्यात कामी येतं. बहुतेकांना हे उमगेपर्यंत डाव निम्मा झालेला असतो!

हिरो, म्हणजे सैन्य घेऊन फिरणारा सेनापती, २५०० सोन्याला मिळतो. पहिल्याच आठवड्यात दुसरा घ्याच. लाकूड, दगड गोळा करायला मुख्य हिरोला पळवू नका. तो दिवसात किती अंतर जाईल हे सैन्यातल्या सर्वांत मंद प्राण्यावर ठरतं, तेव्हा झॉम्बी वगैरे मंद प्राणी दुसऱ्या हिरोकडे सोपवा.

लढाई हरताना रिट्रीट (माघार) घेतलं तर सैन्य जातं, पण हिरो टॅव्हर्नमध्ये, म्हणजे शहरातल्या हिरो मिळण्याच्या इमारतीत, परत मिळू शकतो.

सामन्यात आपली पाळी दोन मिनिटांत संपवा. येणार नसाल तर शनिवारपर्यंत कळवा.