टेकडीवरून, ओल्या कपड्यांनिशी

पुणे, श्रावणातला रविवार

प्रिय मिल्या,

आज सकाळी वेताळ टेकडीवर सातभाई पक्षी चातकाच्या पिल्लाला भरवताना पाहिले. चार पावसाळे आपण दोघांनी जे शोधलं, तेच. कपडे अजून ओले आहेत, पण आधी तुला लिहायला बसलो. फोनवर दोन मिनिटांत संपलं असतं, आणि मला ते संपवायचं नाहीये.

पहाटे पंचवटीकडून चढायला लागलो तेव्हा भुरभुर चालूच होती. असा दिवस वाया गेला म्हणून आपण कितीदा गाड्या परत वळवल्या! आज मात्र म्हटलं, भिजू. दुर्बीण जर्किनच्या आत, खिशात पेन्सिल. झाडीत शिरल्यावर काहीच दिसेना. पानापानावरून पाणी टपटपत होतं आणि जरा काचेला डोळा लावला की वाफ धरायची. मग दुर्बीण ठेवूनच दिली आणि कान लावून उभा राहिलो. नवरंगाची ती दोन सुरांची शीळ दोनदा आली, दुसऱ्यांदा तर अगदी जवळून. दिसला नाही. वर पठारावर मोर ओरडत होता, आणि खाणीजवळ टिटवीने माझी चाहूल घेऊन सगळ्या टेकडीला उठवलं.

साडेसातच्या सुमारास पाऊस थांबला आणि ऊन पडलं. मिल्या, ती पंधरा मिनिटं! जो तो पिसं वाळवायला बाहेर. बुलबुल फुगून चेंडूएवढे झालेले, वटवट्या गवताच्या शेंड्यावर झुलत गातोय, आणि मागच्या बाभळीत सातभाईंचा कलकलाट. साप निघाला असेल म्हणून मी हळूच पुढे सरकलो. सहा सातभाई मोजले. मध्ये एक पिल्लू चोच वासून, पंख थरथरवत बसलेलं. आधी वाटलं त्यांचंच आहे. मग ते वळलं आणि पंखावरचा पांढरा पट्टा दिसला, डोक्यावर इवलासा तुरा. माझे हात इतके कापत होते की दुर्बीण फांदीला टेकवावी लागली.

एका सातभाईने नाकतोडा आणून त्याच्या लाल घशात कोंबला. पण मला हलवून टाकलं ते पुढच्या गोष्टीने. त्याच फांदीवर, वीतभर अंतरावर सातभाईंचं स्वतःचं पिल्लू होतं, धडधाकट. दुसरा सातभाई आला, त्याने या पिल्लाला भरवलं. चातकाची मादी सातभाईच्या घरट्यात त्यांच्यासारखंच निळं अंडं घालते हे आपल्याला ठाऊक होतं. तिचं पिल्लू बाकीच्यांना सहसा घरट्याबाहेर ढकलत नाही, हेही वाचलं होतं. पण दोघं शेजारीशेजारी, ओली, एकाच घरची असल्यासारखी बसलेली पाहणं वेगळंच रे.

आजी सांगायची, चातक पावसाचा थेंब वरच्यावर झेलतो आणि त्यावरच जगतो, जमिनीवरचं पाणी पीत नाही. मागच्या महिन्यात मी एकाला केसाळ सुरवंट फांदीवर आपटून आपटून गिळताना पाहिलं. आजीची गोष्ट त्याने खोटी ठरली असं मला वाटत नाही. आफ्रिकेकडून नैऋत्य वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून येणारा पक्षी पहिल्या पावसाआधी गावात दिसला, तर शेतकरी त्याच्याकडे वाट पाहणारा म्हणूनच बघणार. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०२० मध्ये दोन चातकांना उपग्रहाचे ट्रान्समीटर लावले, त्यांची नावंसुद्धा ‘मेघ’ आणि ‘चातक’ ठेवली होती.

आणि आता सकाळपासून एकच डोक्यात फिरतंय. हे पिल्लू आईबापांच्या संगतीत वाढलेलं नाही. ज्यांनी त्याला वाढवलं ते सातभाई बारा महिने याच झुडपांत राहतात, फार तर या बाभळीवरून त्या बोरीवर. तरीही पावसाळा सरला की हे पोर एकटं निघेल आणि समुद्रावर जाईल. त्याला निघायची वेळ कोण सांगतं? मी बराच वेळ तिथेच उभा होतो. पुन्हा सर आली, सगळे झाडीत गेले, मी भिजत राहिलो.

चेन्नईत तुमचा खरा पाऊस अजून दोन महिने लांब. पण तुझं एक भाग्य आहे: दक्षिणेत चातकाची एक पोटजात बाराही महिने राहते, ती समुद्र ओलांडून येत नाही की जात नाही. तेव्हा एखाद्या रविवारी गिंडीच्या झुडपांकडे जा. तिथले पिवळ्या चोचीचे सातभाई फार ओरडायला लागले की थांब, आणि पिल्लाच्या पंखाकडे बघ. दिसलं तर वेळ, झाड आणि कोण काय भरवत होतं ते लिहून घे.

जाताना तुझी ती निळी वही माझ्याकडे राहिली होती. आजची नोंद तिच्यातच केली आहे, आपल्या चार वर्षांच्या ‘दिसले नाही’ खाली. कडा थोड्या भिजल्या आहेत. वाळली की कुरिअरने पाठवतो.

तुझा,
सुधीर