लघु-गुरूचा हिशेब

ड्रेस्डेन, १० जानेवारी

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे आईकडून कळलं आणि जिवात जीव आला. काही दिवस वाचायचं नाही म्हणजे तुमची केवढी कोंडी होत असेल, ते मला कळतं. म्हणून हे पत्र आई मोठ्याने वाचून दाखवेल. जिथे लघु-गुरू येतील तिथे तिने तुमच्या तळहातावर बोटाने खुणा काढायच्या: लघूला अर्धचंद्र, गुरूला आडवी रेघ. पाटीवर तुम्ही काढायचात तशाच.

तुम्ही विचारलं होतंत की संगणक शिकायला गेलेली पोर पुन्हा गणित का करत बसली आहे. इंजिनीअरिंगला माझी शाखा इलेक्ट्रॉनिक्स. तिथे कॅल्क्युलस भरपूर झालं, पण हा विषय झाला नव्हता. म्हणून इथे प्रवेश देतानाच अट घातली की डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स पास व्हायचं. मराठीत याला विविक्त गणित म्हणतात. कॅल्क्युलस हे धारेचं गणित, तर हे दाण्यांचं. सुट्या सुट्या, एकेक करून मोजता येणाऱ्या गोष्टींचं. संगणकाच्या पोटात सगळं शून्य आणि एक असं सुटंच असतं, त्यामुळे त्याचा पाया इथे आहे.

दर मंगळवारी गणितांचा एक कागद मिळतो आणि पुढच्या मंगळवारी सोडवून द्यायचा असतो. सगळ्या कागदांचे मिळून निम्मे गुण झाले तरच फेब्रुवारीत परीक्षेला बसता येतं. पहिल्या कागदावर मला वीसपैकी सहा मिळाले. उत्तरं सगळी बरोबर होती, आजोबा. समासात तांबड्या शाईने एकच शब्द चार ठिकाणी लिहिला होता: वारुम? म्हणजे, का?

त्या रात्री मी जेवले नाही. आईला तेव्हा सांगितलं नव्हतं, आता सांगते. आजवर उत्तर आलं की त्याभोवती चौकट करायची आणि पुढच्या गणिताकडे वळायचं, एवढंच मी करत आले होते. एका गणितात तर एक ते दहापर्यंतच्या संख्या तपासून मी खाली लिहिलं होतं, ‘म्हणून हे सर्व संख्यांसाठी खरं आहे.’

शिकवणी घेणाऱ्या मुलाने मला एक उदाहरण करायला दिलं. कोणतीही संख्या घ्यायची, तिचा वर्ग करायचा, त्यात तीच संख्या मिळवायची आणि वर ४१ मिळवायचे. एक घेतला तर ४३, दोन घेतले तर ४७, तीन घेतले तर ५३. सगळ्या मूळ संख्या. हे गणितज्ञ ऑयलरचं सूत्र. मी दहापर्यंत गेले, वीसपर्यंत गेले, एकोणचाळीसपर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्याच आली. चाळीस घेतले आणि १६८१ आले. ४१ गुणिले ४१. शून्यापासून धरून चाळीस वेळा खरं ठरलेलं एक्केचाळिसाव्या वेळी कोसळलं. तो कागद मी टेबलासमोरच्या भिंतीवर लावून ठेवला आहे.

मग नोव्हेंबरात एक गणित आलं. बारा पायऱ्यांचा जिना आहे, एका वेळी एक किंवा दोन पायऱ्या चढता येतात, तर जिना किती तऱ्हांनी चढता येईल? वाचलं आणि मला नौपाड्याच्या घरातली गॅलरी दिसली. गणपतीची सुट्टी, बाहेर पाऊस, तुमच्या मांडीवर पाटी. तुम्ही विचारलं होतंत, लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, तर चार मात्रांची जागा किती तऱ्हांनी भरेल? मी गुरूला गा आणि लघूला ल धरून लिहून काढल्या: गा गा, गा ल ल, ल गा ल, ल ल गा, ल ल ल ल. पाच. पाच मात्रांच्या आठ निघाल्या. सहा मात्रांच्या लिहायला लागले तेव्हा तुम्ही पाटीवर हात आडवा ठेवलात आणि म्हणालात, ‘लिहू नकोस. शेवटचं अक्षर कोणतं असेल, ते सांग.’

शेवटचं अक्षर लघु असेल नाहीतर गुरू, तिसरं काही नाही. लघु असेल तर आधीच्या पाच मात्रा भरायच्या, त्याच्या तऱ्हा आठ. गुरू असेल तर आधीच्या चार, त्याच्या पाच. मिळून तेरा. एकही ओळ न लिहिता. आणि हे सहालाच लागू आहे असं नाही, कितीही मात्रा घ्या. चढती भाजणीच ती: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४. बारा पायऱ्यांना २३३.

हीच ती सिद्धता, आजोबा. नववीच्या भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता लिहायचो ना, तीच. तुम्ही मला ‘का’ आठव्या वर्षी दिला होतात आणि मी लक्षात ठेवला फक्त तेरा. तो आडवा हात मी जर्मनमधून लिहून दिला, आणि त्या कागदावर समासात एकही खूण नव्हती. मी शिकवणीच्या मुलाला सांगितलं की आमच्याकडे हे छंदशास्त्रातून आलं. पुढच्या आठवड्यात तो स्वतः शोधून आला आणि फळ्यावर त्याने दोन ओळी लिहिल्या: हेमचंद्र, सुमारे ११५०. फिबोनाची, १२०२. वर्गाने त्या उतरवून घेतल्या. हेमचंद्राच्याही आधी छंदशास्त्रकार विरहांकाने हे सांगितलं होतं, ते मी जागेवरून सांगितलं.

तुम्ही गणितज्ञ कापरेकरांचं ६१७४ शिकवलं होतंत, तेही परवा नव्याने कळलं. ३५२४ घ्या, आणि दर वेळी अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. तिथे मात्र तपासत जाणं हीच सिद्धता, कारण चार अंकी संख्या मोजक्याच आहेत. सगळे अंक सारखे असलेल्या वगळून बाकी साऱ्या मी संगणकावर तपासल्या. सातपेक्षा जास्त पायऱ्या कुठेच लागत नाहीत. कापरेकर शाळेत ठाण्याला होते हे तुम्ही तलावपाळीवर फिरताना सांगायचात, ते मी इथे सगळ्यांना सांगितलं.

आणि एक सांगायचंच आहे. डिसेंबरात प्राध्यापकांनी ऑयलरचं छत्तीस अधिकाऱ्यांचं कोडं शिकवलं. सहा पलटणी, सहा हुद्दे, प्रत्येक पलटणीतून प्रत्येक हुद्द्याचा एकेक अधिकारी, सहा बाय सहाचा चौकोन, आणि प्रत्येक आडव्या-उभ्या रांगेत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच यायला हवा. ते जमत नाही. त्यावरून १७८२ साली ऑयलरने अंदाज बांधला की दहा, चौदा, अठरा अशा कोणत्याच चौकोनात ते जमणार नाही. १९५९ साली तिघांनी तो खोटा ठरवला: राजचंद्र बोस, पार्कर आणि शरदचंद्र श्रीखंडे. सहाच्या पुढे सगळीकडे जमतं. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ती बातमी आली होती. दोनशे मुलांच्या त्या वर्गात, बाहेर बर्फ पडत असताना, पडद्यावर ‘श्रीखंडे’ वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते. प्राध्यापक ‘श्रिकांदे’ म्हणाले. तास संपल्यावर मी जाऊन नीट उच्चार सांगितला, आणि त्यांनी तीन वेळा म्हणून पाहिला.

आता तुमच्या आवडीचं. पादाकुलक वृत्ताची ओळ सोळा मात्रांची, म्हणून भाजणीप्रमाणे तऱ्हा १५९७. पण तुम्ही म्हणाल, आठव्या मात्रेवर ओळ तुटायला हवी. मग आठाच्या ३४ आणि पुढच्या आठाच्या ३४, गुणाकार ११५६. बाकीच्या ४४१ कुठे गेल्या? त्यांच्यात एक गुरू आठव्या-नवव्या मात्रेवर पसरून बसलेला असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना सात-सात मात्रा उरतात, सातांच्या २१, आणि २१ गुणिले २१ म्हणजे बरोबर ४४१. हे मला कुणी शिकवलं नाही, परवा रात्री ट्रॅममध्ये सुचलं. उतरायचा थांबा मागे पडला, तरी मी हातमोजे काढून तिकिटाच्या मागे बेरीज पडताळत होते.

तुम्हीही एक करा, डोळे मिटूनच होईल. बारा मात्रांची ओळ सहा-सहा अशी तोडली तर २३३ पैकी किती ओळी उरतात, आणि गळलेल्या कुठे जातात? रविवारी फोन करेन तेव्हा सांगा.

थेंब वेळेवर घाला, आजीला चुकवू नका. तिळगूळ पोचला. बाबांना आणि आईला नमस्कार. परीक्षा ११ फेब्रुवारीला आहे, गुण निम्म्याच्या वर गेले आहेत.

तुमची नात