भिंतीआधीचे म्योडलारॉयट : जर्मनीच्या सांस्कृतिक राज्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य व माध्यमे राज्यमंत्री,
जर्मन संघराज्य, बर्लिन.

विषय : म्योडलारॉयट गावातील १८१० चे हद्दीचे दगड, तान्नबाख ओढा आणि गिरणीची जागा यांच्या जतनाबाबत.

महोदय,

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला असून काही वर्षांपासून बायर्न (बव्हेरिया) राज्यातील होफ येथे राहतो. माझे वडील भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. त्यामुळे नव्या गावात पाऊल टाकले की आधी हद्दीचा दगड शोधायचा, ही खोड मला लहानपणापासूनच लागली आहे. होफच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर असलेल्या म्योडलारॉयटला मी पहिल्यांदा गेलो तेव्हाही तेच झाले. सोबतचे सगळे जुन्या पूर्व-पश्चिम जर्मनी सरहद्दीच्या उरलेल्या भिंतीकडे वळले आणि मी ओढ्याच्या काठाने दगड शोधत निघालो. हे पत्र त्या दगडांविषयी आहे.

म्योडलारॉयट हे जेमतेम पन्नास वस्तीचे गाव आहे. नावाच्या शेवटी येणाऱ्या 'रॉयट' या शब्दाचा अर्थ जंगल तोडून मोकळी केलेली जमीन असा होतो, आणि या भागातल्या कितीतरी गावांच्या नावांत तो आढळतो. गावाच्या मधून तान्नबाख वाहतो. त्याला ओढा म्हणायचे तेही जरा कौतुकानेच, कारण एक लांब ढांग टाकली की माणूस पलीकडे पोहोचतो. (आमच्याकडे शेताच्या एवढ्या पाटाला कुणी नावही देत नाही.) १८१० मध्ये, म्हणजे बायरॉयटचा मुलूख बायर्नच्या राज्याकडे आला त्याच वर्षी, या ओढ्याच्या काठाने हद्दीचे दगड रोवले गेले. त्यांच्या एका अंगावर 'के. बी.' म्हणजे बायर्नचे राज्य आणि दुसऱ्या अंगावर 'एफ. आर.' म्हणजे रॉइस संस्थान अशी अक्षरे कोरलेली आहेत. दगड गुडघ्याएवढा, शेवाळलेला, गवतात निम्मा बुडालेला असतो. अक्षरे डोळ्यांनी नीट लागत नाहीत, बोट फिरवले की कळतात.

या दगडांनी गाव दोन राज्यांत वाटले, तरी गावकऱ्यांचे त्यामुळे फारसे अडले नाही. शाळा आणि खानावळ रॉइसच्या, म्हणजे पुढे थुरिंगिया झालेल्या बाजूला होती, तर चर्चसाठी सगळेच बायर्नमधील शेजारच्या ट्योपेनला जात. मुले धडे गिरवायला एका राज्यात आणि प्रार्थनेला दुसऱ्या राज्यात जात, आणि हे जवळजवळ दीड शतक बिनबोभाट चालले. १९१८ मध्ये राजे गेले आणि १९२० मध्ये थुरिंगिया राज्य झाले, तरी दगड जागेवरच राहिले. गावची शीव ही अशीच असते. ती कागदावर पक्की असते आणि पायाला सैल असते.

ती पायाला पक्की कशी झाली, हे आपल्याला मी सांगायला नको. मात्र ती किती सावकाश पक्की होत गेली, इकडे लक्ष वेधू इच्छितो. महायुद्धानंतर हाच ओढा अमेरिकी आणि सोव्हिएत अंमलाची हद्द ठरला, आणि १९४९ पासून दोन देशांची सरहद्द झाला. तरीही परवाना दाखवून ये-जा होत असे. २६ मे १९५२ रोजी पूर्व जर्मनीच्या सरकारने सरहद्दीलगत पाच किलोमीटरचा निर्बंधित पट्टा, त्याच्या आत पाचशे मीटरचा संरक्षित पट्टा आणि अगदी कडेला दहा मीटरची नांगरून साफ ठेवलेली जमीन असा हुकूम काढला, आणि जूनमध्ये सरहद्दीवरच्या 'अविश्वासू' ठरवलेल्या हजारो माणसांना घरांतून उचलून आत नेले. त्या कारवाईला यंत्रणेत 'कीड' असे नाव होते. शेतकऱ्यांना किडीच्या नावाने हाकलणारे सरकार स्वतःला कामकरी-शेतकऱ्यांचे म्हणवत होते, याची नोंद कुठेतरी राहावी. गावात आधी लाकडी फळ्यांचे कुंपण आले, मग काटेरी तार आली आणि १९६६ मध्ये सुमारे ७०० मीटर लांबीची, ३.३ मीटर उंचीची काँक्रीटची भिंत उभी राहिली. पूर्वेकडच्यांनी पश्चिमेकडे हात हलवणे किंवा नमस्काराला उत्तर देणे हाही गुन्हा ठरला. ओढ्याकाठची गिरणी सरहद्दीच्या आड येत होती म्हणून पाडली गेली.

येथे एक बारकावा आहे, जो ओढ्याशी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. भिंत हद्दीवर नव्हती, ती पूर्वेच्या जमिनीत थोडी आत होती. खरी हद्द भिंतीच्या अलीकडे, पाण्यातच होती. त्यामुळे पश्चिमेकडच्या कुणी चेंडू काढायला ओढा ओलांडला, तर भिंतीला हात लागण्याआधीच त्याने परक्या देशात पाऊल टाकलेले असे. म्हणजे ज्या काळात सगळे जग भिंतीकडे पाहत होते, त्या काळातही कायद्याने हद्द सांगण्याचे काम ओढा आणि त्याच्या काठचे जुने दगडच करत होते.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून आलेल्या नातेवाइकांना मी हे गाव दाखवायला नेले. त्याच वेळी मराठी पर्यटकांची एक बस आली. बर्लिन-म्युनिक महामार्ग जवळून जात असल्याने अशा बसेस वाट वाकडी करून येतात. वाटाड्याने 'हे छोटे बर्लिन' असे सांगितले, भिंतीपाशी फोटोसाठी वीस मिनिटे दिली आणि तो चहा शोधायला गेला. त्या गटातल्या नऊवारीतल्या एक आजी भिंतीकडे पाठ करून ओढ्याकडे पाहत होत्या. त्यांनी विचारले, "अहो, मग अलीकडची माणसं दळण कुठं नेत होती?" वाटाड्या हसला आणि इतरही हसले. मला मात्र वाटले, की या गावाबद्दल विचारण्यासारखा प्रश्न हाच आहे, आणि तो विचारायला गिरणीची जागा नजरेसमोर असायला हवी.

'छोटे बर्लिन' हे नाव अमेरिकी सैनिकांच्या तोंडी रुळले. ५ फेब्रुवारी १९८३ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश येथे आले आणि केनेडींच्या बर्लिनमधील 'मी बर्लिनकर आहे' या वाक्याची आठवण देत त्यांनी स्वतःला जर्मन भाषेत म्योडलारॉयटकर म्हणवून घेतले. त्या काळी त्या नावाचा उपयोग होता, कारण त्यामुळे पन्नास माणसांच्या गावाकडे जगाचे लक्ष गेले. आज ते नाव गावावर अन्याय करते, असे माझे मत आहे. बर्लिन १३ ऑगस्ट १९६१ च्या एका रात्रीत तोडले गेले. म्योडलारॉयटचा फास चौदा वर्षे एकेक पीळ देत आवळला गेला. आणि त्याहून मोठा फरक असा, की बर्लिन पुन्हा एक झाले, म्योडलारॉयट आजही दोनच आहे. ९ डिसेंबर १९८९ रोजी भिंतीतून पायवाट खुली झाली, १७ जून १९९० रोजी बुलडोझरने भिंतीचा मोठा भाग पाडला, सुमारे शंभर मीटर भिंत स्मारक म्हणून राखली आणि त्याच वर्षी संग्रहालयाचे काम सुरू झाले. तरी १८१० ची हद्द कुणी मिटवली नाही. ओढ्याच्या एका काठाचे घर थुरिंगियातील गेफेल नगरपालिकेत मोडते, दुसऱ्या काठाचे बायर्नमधील ट्योपेन ग्रामपंचायतीत. पिनकोड एकीकडे ०७९२६ तर दुसरीकडे ९५१८३. दूरध्वनीचे संकेतांक निराळे आहेत, गाड्यांच्या पाट्या निराळ्या आहेत, महापौर दोन आहेत. बायर्नच्या काठावर भेटल्यावर 'ग्र्युस गॉट' म्हणतात, तर थुरिंगियाच्या काठावर 'गुटेन टाग'. पाहुण्यांना याची गंमत वाटते. मला त्यात गावाची शहाणपणाची बाजू दिसते, कारण भिंत गेली म्हणून शीवही जावी असा हट्ट कुणी धरला नाही.

आता विनंतीकडे वळतो. आपल्या देशात वारसा-संरक्षण हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे तान्नबाखच्या एका काठाला बायर्नच्या राजधानीचा, म्युनिकचा, कायदा लागतो आणि दुसऱ्या काठाला थुरिंगियाच्या राजधानीचा, एरफुर्टचा. हद्दीचा दगड मात्र दोन्ही अंगांनी कोरलेला आहे, त्याचे दोन तुकडे करता येत नाहीत. म्हणूनच मी कोणत्याही एका राज्याकडे न जाता आपल्याकडे आलो आहे. १८१० चे जितके दगड जागेवर आहेत, त्यांची दोन्ही राज्यांनी मिळून एकच मोजणी करावी, प्रत्येकाची जागा, अक्षरे आणि अवस्था नोंदवावी, आणि ते संग्रहालयात न हलवता जिथे आहेत तिथेच सांभाळावेत. हलवलेला हद्दीचा दगड हा नुसता दगड असतो, हे माझ्या वडिलांचे नेहमीचे सांगणे होते आणि कोणताही भूकरमापक तेच सांगेल. गिरणीची जागा भिंतीइतक्याच मानाने राखावी आणि शाळा, खानावळ, चर्चची वाट ही दीडशे वर्षांची ये-जा पाहुण्याला पायी चालून समजेल अशी व्यवस्था व्हावी. थुरिंगियाने २०१८ मध्ये जुन्या सरहद्दीचा आपल्याकडचा हरित पट्टा राष्ट्रीय नैसर्गिक स्मारक म्हणून जाहीर केलाच आहे. मोजणीचे काम त्याच्या जोडीने होऊ शकेल असे वाटते. आणि शेवटची विनंती बिनखर्चाची आहे : आपल्या कार्यालयाच्या पत्रांत आणि भाषणांत या गावाला त्याच्या स्वतःच्या नावाने संबोधावे.

ही मोजणी कधी ठरली, तर मी सुट्टी काढून टेप धरायला येईन. पावसाळा नसल्याने तुमच्याकडे हे काम मार्च महिन्यात, गवत वाढण्याआधी करावे, म्हणजे बुडालेले दगड दिसतील.

या पत्राची जर्मन प्रत आपल्या कार्यालयाकडे टपालाने पाठवली आहे. मराठी प्रत त्या बसमधल्या आजींसाठी आणि पुढच्या बसमधल्यांसाठी आहे.

आपला नम्र,
होफ येथील एक मराठी रहिवासी