डॉवेल पिनवाल्या काकांना

ती. काका,

सा. न.

तोंडावर आभार मानले की तुम्ही “चहा टाक” म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. आता बोला.

मार्चमध्ये भांडुपच्या तुमच्या गाळ्यात आलो तेव्हा माझं गाऱ्हाणं एकच होतं. वरळीच्या रेंजवर ५० मीटरला पॉइंट टू टू रायफलने नऊ गोळ्या नीट बसतात आणि दहावी भरकटते. तिथं दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं, त्यामुळे भरकटलेली लगेच दिसते. परदेशात सेंटरफायर काडतुसं (पेट घेणारा मसाला बुडाच्या मधोमध असलेली) हाताने भरणारे नेमबाज प्रत्येक काडतूस फिरवून रनआउट बघतात, म्हणजे केस (काडतुसाची धातूची नळी) आणि गोळी एका अक्षात आहेत का ते. गोळी तिरकी बसली असेल तर नळीत शिरतानाच तिरकी शिरते. ते लोक डाय (काडतूस भरायचा साचा) बदलतात, गोळी बसवायची पद्धत सुधारतात. माझी पॉइंट टू टू काडतुसं रिमफायर, म्हणजे मसाला बुडाच्या कडेत असलेली, ती पुन्हा भरता येत नाहीत. फॅक्टरीतून आलेली निवडायची, एवढंच माझ्या हातात.

मी खिशात काडतुसं आणली नाहीत ना, हे तुम्ही आधी विचारलंत. “माझ्याकडे लायसन नाही. जे मोजायचं ते रेंजवर मोज. इथं हात शिकव.” आणि सहा मिलिमीटरची डॉवेल पिन, म्हणजे सरळ गोल पोलादी पिन, पुढे केलीत.

गोल वस्तू टेकवायचा खाचेचा व्ही ब्लॉक, मॅग्नेटिक स्टँड आणि तुमचा तो लिव्हर डायल (बारीकसा फरक काट्याने दाखवणारं माप), ज्याला गाळ्यात सगळे पपी डायल म्हणतात. पिन दहा वेळा फिरवायला लावलीत आणि आकडे चिठ्ठीवर लिहायला लावलेत. दोन घरं, पाच, तीन, सात. एकच पिन, तीही ग्राइंड केलेली! “पिन सरळ आहे,” तुम्ही म्हणालात, “तुझं बोट वाकडं आहे.” बोटाने दाबताना मी पिन व्ही मधून उचलत होतो. दोन शनिवार नुसती पिन फिरवली. (बायकोला वाटलं, मी नेमबाजी सोडून फिटर होतोय.) सगळे आकडे एका घराच्या आत यायला लागले तेव्हा कुठे तुम्ही “जा आता” म्हणालात.

आणखी एक चूक तुम्ही वाचवलीत. डायलवर दहा घरं दिसली की मी ०.१० मिलिमीटर तिरकं म्हणत होतो. पूर्ण फेरीतला फरक अक्ष सरकल्याच्या दुप्पट असतो, प्रत्यक्षात सरकलेलं ०.०५ च, हे तुम्ही सिगरेटच्या पाकिटावर वर्तुळ काढून दाखवलंत. पाकीट अजून माझ्याकडे आहे.

रेंजवर काडतुसं मोजताना तुमच्या सूचना एकेक करून उपयोगी पडल्या. रिम, म्हणजे बुडाची कड, केसपेक्षा मोठी, म्हणून ती ब्लॉकच्या कडेबाहेर ठेवली. मागे बेअरिंगच्या छर्‍याचा टेकू दिला, तोही बुडाच्या मधोमध आणि हलका, कारण रिमफायरचा पेट घेणारा मसाला कडेत असतो. टेकू नसता तर काडतूस पुढेमागे सरकून गोळीच्या गोलाईवर डायल काहीही सांगत बसला असता. एक गोष्ट मात्र तुम्हालाही ठाऊक नव्हती: गोळीवरचं मेण. पंधराएक काडतुसांनंतर आकडे हळूहळू चढायला लागले. मला वाटलं स्टँड ढिला झाला. बघतो तर व्ही मध्ये मेणाचा थर! आता दर पाच काडतुसांनी सुती फडक्याने पुसतो.

पन्नासच्या डबीतून सहा बाजूला निघाली, ती सरावाला वापरली. त्यांतल्या दोन खरंच लांब गेल्या, चार मध्यावरच बसल्या. निवडलेल्या चव्वेचाळीसमधूनही तीन भरकटल्या, आणि त्या माझ्या ट्रिगरच्या बोटाच्या होत्या, हे मला सुटतानाच कळलं होतं. पूर्वी मी त्यांचाही दोष डबीवर टाकला असता.

डायल रविवारी परत आणतो. तेलाचं बोट लावून, कापडात गुंडाळून, जसा दिलात तसा. स्टँड अजून आठवडाभर ठेवू का?

तुमचा,
मुलुंडचा पोरगा