सिलिकॉनची नळी खाली ठेवा, बाबा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आपल्या ट्रॅव्हलरच्या, म्हणजे राहण्याजोग्या केलेल्या व्हॅनच्या, गळक्या छताचे फोटो मिळाले. व्हेंटभोवती, म्हणजे छतातल्या फॅनच्या झरोक्याभोवती, सिलिकॉनचे तीन थर दिसतात आणि तुम्ही चौथा द्यायला निघालाय. तो देऊ नका. जुन्या सिलिकॉनवर काहीच नीट चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. शिवाय आंबट वासाचं स्वस्त सिलिकॉन पत्र्याला गंज आणतं.

थेंब कपाटावर पडतो म्हणजे भोक कपाटाच्या वरच आहे, असं नसतं. पत्र्याखालच्या आडव्या पट्टीवरून पाणी चालत जातं आणि जिथं जोड सापडेल तिथं टपकतं. म्हणून आधी पाण्याच्या नळीनं तपासा. नोझल काढून बारीक धार सोडायची आणि खालून वर जायचं: मागची खिडकी, पन्हळ, छताच्या शिवणी, शेवटी व्हेंट. एका जागी दहा मिनिटं. आई, तू आत टॉर्च घेऊन बस आणि पहिला थेंब दिसला की हाक मार. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काही कळत नाही. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप नकोच, तो चांगल्या सीलमधूनही पाणी आत ढकलतो.

मला व्हेंटचाच संशय आहे. त्याची प्लॅस्टिकची कड उन्हात पत्र्याच्या सहासात पटींनी फुगते. सोळा इंचांच्या कडेला दुपार आणि पहाट यांत जवळपास एक मिलिमीटरचा फरक पडतो. त्यात यवतेश्वरच्या घाटात गाडीची बॉडी पिळवटते. हे सगळं सोसायला खाली मऊ राहणारी ब्यूटिल टेप, म्हणजे रबरासारखी चिकट पट्टी, लागते. कडक होणारं काहीही तडकतंच.

काम सुरू करण्याआधी गॅसचा सिलिंडर गाडीतून बाहेर काढा. वायरिंगमध्ये क्रम महत्त्वाचा: आधी सोलर पॅनेलची वायर सोडवा, मग बॅटरीची निगेटिव्ह. जोडताना उलट, आधी बॅटरी आणि मग पॅनेल. फॅनच्या वायरी कापण्याआधी त्यांना चिकटपट्टीच्या खुणा लावून फोटो काढा.

आता वर चढायचं. साध्या शिडीवरून छताच्या मध्यापर्यंत हात पोचवायला कमरेतून बाहेर झुकावं लागतं आणि तोल तिथंच जातो. सेंट्रिंगवाल्याकडून परांचीचे दोन घोडे आणि फळ्या भाड्यानं आणा, म्हणजे छत छातीच्या उंचीला येईल. स्क्रू काढून व्हेंट उचललं की बरंचसं खरवडणं आत भक्कम स्टुलावर उभं राहूनही होतं. भोक चौदा इंच चौरस आहे. खांदे तिरके घातले की डोकं आणि हात बाहेर येतात. बीपीची गोळी घेऊन सकाळी नऊच्या आत जेवढं होईल तेवढंच करा. तापल्या पत्र्यावर सीलंटही नीट पसरत नाही, वरच्या वर साय धरतं.

खरवडणं हेच खरं काम, त्याला दोन सकाळी द्या. प्लॅस्टिकची पट्टी वापरा, लोखंडी पात्यानं रंग निघतो आणि तिथून गंज धरतो. ब्यूटिलचे अवशेष टर्पेंटाइननं निघतात. सिलिकॉन मात्र कशात विरघळत नाही, घासूनच काढावं लागतं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. थिनर आणि अॅसिटोन व्हेंटच्या प्लॅस्टिकला लावायचं नाही, ते विरघळतं नाहीतर तडकतं. मग पत्र्यावर पाणी शिंपडून पाहा. पाण्याचे मणी झाले तर सिलिकॉन अजून बाकी आहे. पाणी सपाट पसरलं तर पत्रा तयार. गंज दिसेल तिथं तारेचा ब्रश मारून एपॉक्सी प्रायमर लावा आणि एक रात्र सुकू द्या.

व्हेंटच्या कडेखाली ब्यूटिलचे दोन फेरे द्या, तीन मिलिमीटर जाड आणि वीस रुंद. पाच मीटरचा रोल पुरतो. कोपऱ्यात टेप ओढून ताणू नका, तिथं ती पातळ होते आणि पाणी तिथूनच शिरतं. स्क्रू नवे, स्टेनलेस स्टीलचे, जुन्यांइतकेच लांब. हातानं आवळा, चाकाच्या नटांसारखे समोरासमोर. ड्रिलगननं आवळलं की प्लॅस्टिकची कड तडकते. ब्यूटिल चारी बाजूंनी सारखं बाहेर आलं की थांबा, दोन दिवसांनी पुन्हा थोडं आवळा, कारण ते दबत जातं. मगच स्क्रूच्या डोक्यांवर आणि कडेवर आपोआप पसरणारं लॅप सीलंट. त्याच्या ३०० मिलीच्या दोन नळ्या ऑनलाइन मागवा. हे फक्त सपाट छतावर चालतं, उभ्या खिडकीवर लावलं तर ओघळून जाईल.

आतल्या छताचा पाण्यानं काळा पडलेला प्लाय पेचकसानं टोचा. टोक सहज शिरलं तर तिथून सहा इंच पुढंपर्यंत, कोरडा टणक प्लाय लागेपर्यंत, कापा. मागची ग्लासवुल ओली असेल तर वाळवायच्या भानगडीत पडू नका, फेकून द्या. ती पाणी धरून ठेवते आणि नवा प्लायही कुजवते. नवा प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघा, तो मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा. आयएस ३०३ वाला स्वस्त पडतो, पण इथं नको. कापलेल्या कडांना एपॉक्सीचे दोन हात द्या, पाणी कडेतूनच शोषलं जातं. आणि छत बंद करायची घाई करू नका. सील झाल्यावर पुन्हा नळीची चाचणी घ्या, मग आठवडाभर आतली बाजू उघडी ठेवून पंखा लावा.

वळीव एप्रिलमध्येही येतो, तेव्हा फेब्रुवारीतच सुरू करा. प्लाय आणायला जाण्याआधी टोचून झालेल्या जागेभोवती खडूची रेघ मारून, शेजारी मोजपट्टी धरून फोटो पाठवा, म्हणजे माप मी कळवते. आई, घोड्यांच्या पायांखाली फळीचे तुकडे टाकलेत का, ते तू स्वतः बघ. अंगणातली माती मऊ आहे.

तुमची लेक