काउंटरपलीकडच्या माणसाविषयी सुहासला पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. बारटेंडरने बराच वेळ तुझ्याकडे लक्ष दिले नाही, तुझ्यामागून आलेल्या माणसाला आधी ग्लास मिळाला आणि शेवटी तुझ्या सहकाऱ्याला आणखी एक पेग देण्यास त्याने साफ नकार दिला, याचा तुला आलेला राग मी समजू शकतो. परंतु यात चुकले कोणाचे, असे तू मला सरळच विचारले आहेस आणि मी स्वतः काउंटरच्या आतल्या बाजूला उभे राहून पोट भरलेले आहे, तेव्हा तुला बरे वाटावे म्हणून गुळमुळीत उत्तर देणे माझ्याच्याने होणार नाही.

या साऱ्या शिष्टाचाराच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. गिऱ्हाईक केव्हाही उठून जाऊ शकते, बारटेंडर जाऊ शकत नाही. एखाद्याचे बोलणे तुला खटकले तर तू ग्लास उचलून दुसरीकडे बसशील. त्याला मात्र पाळी संपेपर्यंत तेवढ्याच दोन-चार पावलांच्या जागेत, तोच माणूस समोर असताना, आवाज न चढवता काम करावे लागते. त्यामुळे सांभाळून वागण्याचा मोठा वाटा बाहेर बसणाऱ्याकडे येतो, आणि पैसे मोजले म्हणून तो कमी होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

तुझा पहिला आक्षेप नंबर चुकल्याचा आहे. गर्दीच्या वेळी बारटेंडर फक्त काउंटरवरच्या लोकांसाठी पेये बनवत नसतो. आतल्या टेबलांच्या ऑर्डरींच्या चिठ्ठ्याही त्याच्याच शेजारी एकामागून एक निघत असतात, आणि त्या तुला दिसत नाहीत. शिवाय कोण कधी आले याची खूणगाठ त्याच्या डोक्यात असते, ती पुष्कळदा बरोबर असते आणि कधीतरी चुकतेही. चुकली तर शांतपणे सांगावे. टिचक्या वाजवणे, 'अरे ए' अशी हाक मारणे किंवा नोटा हलवून दाखवणे यांनी नंबर पुढे सरकत नाही. काउंटरला लागून उभे राहावे, ऑर्डर मनाशी पक्की ठेवावी आणि त्याची नजर इकडे आली की मान हलवावी, एवढे पुरते. तू लिहितोस की तो तुझ्याकडे आला तेव्हा तुम्ही चौघे काय घ्यायचे यावर चर्चा करत होता. अशा वेळी तो शेजारच्याकडे वळला तर त्यात अपमान नाही. त्याच्या हातातला तो अर्धा मिनिट रांगेतल्या सगळ्यांचा असतो.

ऑर्डर एका दमात सांगावी. एक पेय आले की दुसरे आठवायचे, ते आले की तिसरे, यात त्याच्या चार फेऱ्या होतात. पुदिना किंवा लिंबू कुटून करायची पेये आणि फेस बसू द्यावा लागणारी काळी बिअर यांना वेळ लागतो, म्हणून ती सर्वांत आधी सांगितली तर बाकीची तेवढ्या वेळात होतात. काय हवे ते ठाऊक नसेल तर 'काहीतरी मस्त बनव' एवढ्यावर त्याला सोडू नये. जिन आवडते की रम, आंबट हवे की गोड, कडवट चालेल का, एवढे सांगितले तरी तो आनंदाने सुचवील. पेय आवडले नाही तर पहिल्या घोटालाच सांगावे. अर्धा ग्लास संपवून मग तक्रार करणाऱ्याचे ऐकून घेणे त्याला फार जड जाते. आणि 'जरा हात सैल सोड' असे कोणाही बारटेंडरला म्हणू नकोस. तो मापाने ओततो, त्या मापावर पेयाची चव ठरलेली असते आणि रात्री बाटल्यांचा हिशेब द्यायचा असतो. जास्तीचा थेंब मागणे म्हणजे त्याला मालकाची चोरी करायला सांगणे आहे.

एक गोष्ट तुला जवळून दाखवतो, कारण बाहेरून ती कधी लक्षात येत नाही. काउंटरच्या आत, गिऱ्हाइकाच्या हाताच्या अगदी खाली, बर्फाची उघडी पेटी असते. मदत करावी या चांगल्या हेतूने लोक रिकामे ग्लास एकात एक घालून आतल्या कडेवर सरकवतात, किंवा वाकून लिंबाची फोड उचलतात. त्यातला एक ग्लास जर पेटीजवळ फुटला, तर काच आणि बर्फ यांत डोळ्यांना फरक कळत नाही, म्हणून त्या पेटीतला सगळाच्या सगळा बर्फ बाद होतो. तो चुकून कोणी वापरू नये यासाठी त्यावर लाल सरबत ओतून ठेवण्याची पद्धतही आहे. मग गरम पाण्याने बर्फ वितळवायचा, पेटी धुवायची, कोपरे पुसून तपासायचे आणि नवा बर्फ भरायचा. तोवर काउंटरचा तेवढा भाग ठप्प असतो आणि समोरची माणसे घड्याळाकडे पाहत असतात. ग्लास आपल्या बाजूच्या कडेवर ठेवावेत आणि हात आपल्याच बाजूला ठेवावेत, हा नियम त्यासाठी आहे. लिंबाच्या फोडींचे म्हणशील, तर त्या दुसऱ्या कोणाच्या तरी पेयात जायच्या असतात.

आता नकाराविषयी, कारण तुझ्या रागाचा खरा भाग तोच आहे असे मला वाटते. दारू पोटात गेली की सगळी लगेच रक्तात उतरत नाही; शेवटच्या घोटानंतरही अर्धा-एक तास, भरल्या पोटी त्याहून अधिक वेळ, रक्तातले प्रमाण चढत राहू शकते. उलट यकृत मात्र आपल्या ठरलेल्या गतीने, तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल इतकेच काम उरकते, आणि काळी कॉफी किंवा गार पाण्याचा शिडकावा ती गती वाढवत नाही. म्हणजे आत्ता नीट बोलणारा माणूस पाऊण तासाने, कदाचित गाडीच्या चाकामागे बसल्यावर, आणखी झिंगलेला असू शकतो. बारटेंडर हे रोज पाहतो. तो आवाजाची पट्टी, एकच गोष्ट पुन्हा सांगणे, खुर्चीवरून उतरताना काउंटरला धरणे, हे सगळे टिपत असतो, आणि कित्येक देशांत नशेत असलेल्याला दारू देणे हा देणाऱ्याचाही गुन्हा ठरतो. अशा वेळी त्याने 'आता नको' म्हटले तर त्याच्याशी हुज्जत घालणे, व्यवस्थापकाला बोलावणे किंवा आपल्या नावावर ग्लास घेऊन मित्राकडे सरकवणे हे मला अत्यंत गैर वाटते. तू शुद्धीत होतास, सुहास. तुझी जागा त्या वेळी बारटेंडरच्या बाजूला होती.

अर्थात त्याची बाजूही कर्तव्यावाचून नाही. गर्दी कितीही असो, 'आलोच' असे एका नजरेने सांगायला क्षणभर लागतो आणि ते त्याने सांगायलाच हवे. तेवढे तुझ्या वाट्याला आले नसेल तर तुझी तक्रार मला मान्य आहे. नकार द्यायचा तो हलक्या आवाजात, चारचौघांत पाणउतारा न करता, पाण्याचा ग्लास पुढे ठेवून द्यावा. पेयांची नावे ठाऊक नसलेल्या नवख्याला हसू नये. मद्य न घेणाऱ्याला मॉकटेलही तितक्याच मनापासून करून द्यावे आणि 'का घेत नाही' असे कधीही विचारू नये. काउंटरवर कानी पडलेले काउंटरवरच राहावे.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने लिहितो. काउंटरमागे बाई असेल तर तिचे हसणे हा तिच्या कामाचा भाग आहे. फोन नंबर मागणे, कामाची पाळी किती वाजता संपते असे विचारणे, बिल देताना हात धरून ठेवणे, यांतले काहीही ती कामावर असताना तिला मोकळेपणाने झिडकारता येत नाही, आणि हे ठाऊक असूनच पुष्कळ पुरुष ते करतात. तुझ्या टेबलावरचा कोणी असे करताना दिसला तर त्याला तूच थांबव, तिला थांबवायला लावू नकोस.

बिलाचे थोडक्यात. वेगवेगळे हवे असेल तर पहिल्या ऑर्डरीलाच सांगावे. शेवटची ऑर्डर पुकारली की ती शेवटचीच मानावी, आणि दिवे लख्ख लागल्यावर गप्पा बाहेर नेऊन संपवाव्यात, कारण आपण उठल्यावरच त्याचे ग्लास धुणे, बाटल्या पुसणे, बर्फाची पेटी रिकामी करणे आणि हिशेब लावणे सुरू होते.

कळावे. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
मिलिंद