मानवशास्त्राचे क्षेत्रकार्य डिसेंबरातच का?

मा. संपादक,

हिवाळा लागला की मानवशास्त्र विभागांच्या गाड्या यवतमाळातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांकडे (वस्त्यांकडे), मेळघाटाकडे, गडचिरोलीकडे निघतात. आठ-दहा दिवसांचा मुक्काम, छापील प्रश्नावली, शेवटी ग्रुप फोटो. अहवाल होतो, गुणही मिळतात. क्षेत्रकार्य तेवढे शिकायचे राहते.

पहिली अडचण महिन्याची. डिसेंबरात कापूसपट्ट्यात वेचणी चालू असते. दिवसा गावात सापडतात ते पारावरचे म्हातारे. बाया वावरात, म्हणून त्यांच्या कामाची माहितीही हे म्हातारेच देतात आणि ती तशीच अहवालात जाते. मोह गळतो मार्च-एप्रिलात, तोही पहाटे. तेंदूपत्ता मे महिन्यात, पूर्व विदर्भातली रोवणी जुलै-ऑगस्टात. 'वनोपजावर अवलंबून आहात का?' या प्रश्नापुढे डिसेंबरात 'होय'ची खूण करून काय कळणार? तेच तेंदूच्या दिवसांत एका अंगणात दुपारभर बसले, तर ७० पानांचा पुडका घरातले कोण बांधते, लेकरे पाने कशी मोजतात, फळीवर, म्हणजे पाने खरेदीच्या जागी, दिवाणजी कोणता पुडका बाद करतो आणि त्याचा तोटा कोणाच्या माथी बसतो, हे न विचारता दिसते. दहा दिवसांच्या एका फेरीऐवजी त्याच गावात पाच-पाच दिवसांच्या दोन फेऱ्या ठेवाव्यात. वाढेल तो फक्त गाडीखर्च.

दुसरे, प्रश्न. 'वार्षिक उत्पन्न किती?' असे विचारले की समोरच्याला रेशनकार्ड आठवते आणि आकडा खाली येतो. त्यापेक्षा मागच्या बाजाराला कोण गेले, काय विकले, काय आणले, हे विचारावे. धान खंडीत सांगितले तर वहीत खंडीच लिहावी. क्विंटल नंतर करावेत, कारण खंडीचे माप भागागणिक बदलते. वय विचारण्यापेक्षा '७२च्या दुष्काळात केवढे होते, १९८२ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा लग्न झाले होते का, असे विचारलेले बरे.

वंशावळीत तर हमखास गडबड होते. 'मुले किती?' याच्या उत्तरात पुष्कळदा लग्न होऊन गेलेल्या मुली गळतात, वारलेली लेकरे गळतात. म्हणून थोरल्यापासून एकेक क्रमाने विचारावे. बाई नवऱ्याचे नाव घेत नसेल तर अडून बसू नये, शेजारीण सांगते. गोंड घरात नुसते आडनाव लिहून भागत नाही. त्या घराचे कूळ किती देवांच्या गटातले, म्हणजे चार देवे, पाच, सहा की सात, हे नोंदवले नाही तर कोणाची सोयरीक कोणाशी होते हे त्या तक्त्यावरून कळणारच नाही.

दुभाषी म्हणून ग्रामसेवक किंवा गुरुजी सोबत घेतले की उत्तरे सरकारी होतात. शिवाय दहा मिनिटांचे बोलणे दुभाषी एका ओळीत गुंडाळतो. गावातलीच एखादी बाई रोजी देऊन सोबत घ्यावी आणि 'ती काय म्हणाली ते जसेच्या तसे सांगा' असा आग्रह धरावा.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे टिपणवही. खिशातल्या डायरीत दिवसा दोन-चार शब्द, आणि त्याच रात्री सविस्तर टिपण. तासाभराच्या गप्पांना दोन-तीन तास लेखन लागते. उद्यावर टाकले की माणसांचे शब्द जातात आणि आपलेच उरतात. पाहिलेले, ऐकलेले आणि आपल्याला वाटलेले वेगवेगळे लिहावे. तारीख, वेळ, जागा आणि बोलताना आणखी कोण बसले होते, हेही लिहावे. सासू समोर असताना सून वेगळे बोलते. मोबाइलवरचे रेकॉर्डिंग परवानगीने जरूर करावे, पण तासाभराचे उतरवायला चार तास तरी धरून चालावे.

नावे बदलली म्हणजे ओळख लपली, हा समजही घातक आहे. तीस घरांच्या टोल्यात 'येथील आशाताई' म्हटले की कोण ते साऱ्यांना कळते. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. तिथे मोहाची कोण गाळतो हे वहीत घरनिशी लिहिणे म्हणजे त्या घराला अडचणीत आणणे. अशा नोंदी सांकेतिक खुणांनी कराव्यात, खुणांची यादी वेगळी ठेवावी.

विद्यापीठांनी एवढे करावे: अहवालाचे निम्मे गुण टिपणवहीला द्यावेत, आणि वही मुक्कामातच, रोज सकाळी तपासावी. परतल्यावर एका रात्रीत लिहिलेली वही शाईवरूनच ओळखू येते.

– मानवशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, चंद्रपूर